पिवळं टोपडं

दूध काढायच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, कोपऱ्यात एक मोरी आणि एक फ्रीज होता, आणि भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. चित्रातल्या बाईच्या मांडीवर गुटगुटीत पोर होतं. पूनमला त्या बाईचा पहिल्या दिवसापासून राग यायचा. जिच्या मांडीवर पोर आहे तिला हसायला काय जातंय? आणि जिच्या मांडीवर पोर आहे ती या खोलीत कशाला झक मारायला येईल?

पूनमचं पोर वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं. सातव्या महिन्यातच जन्मलं, वजन बाराशे ग्रॅम. तिला लांबूनच दाखवलं आणि पळवत वर नेलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला, खोकला लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलं की पूर्ण बरी होईपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही. आई खाली आणि लेकरू वर, मधे फक्त एक जिना. पण तो जिना तिला घाटापेक्षा मोठा झाला.

"दूध मात्र तुझंच पाहिजे," बाई म्हणाल्या होत्या. "त्याचं आतडं अजून कच्चं आहे. डब्याचं दूध झेपेलच असं नाही. दर तीन तासांनी काढून दे, थोडं का होईना."

म्हणून पूनम दर तीन तासांनी खोलीत यायची. कोपरापर्यंत हात धुवायची, उकळून घेतलेली वाटी पुढ्यात धरायची, ऊन फडक्यानं छाती शेकायची आणि सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे दाबायची. मग ते दूध इवल्याशा बाटलीत ओतायची, बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. लिहायला जेवढी शाई लागायची तेवढंही दूध निघत नव्हतं. सकाळी दोन चमचे, दुपारी एक.

बाकीच्या बायांच्या मागं कुणी ना कुणी होतं. कुणाची आई अळिवाची खीर घेऊन यायची, कुणाची सासू शेपूची भाजी. पूनमची आई ती लहान असतानाच गेलेली. नवरा धुळा मेंढरं घेऊन उजनीकडं उतरला होता. दोन दिवस तो दवाखान्यात थांबला, पण मेंढरं किती दिवस दुसऱ्याच्या भरवशावर सोडणार? सासू केराबाई सांगोल्याकडं गावी, घरात अंथरुणाला खिळलेला सासरा आणि दारात व्यायला आलेल्या शेळ्या. कुणाचाच दोष नव्हता. दोष कुणाचा असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

धुळाचा फोन रेंज मिळेल तेव्हा यायचा. "दूध किती निघालं?" हे त्याचं पहिलं वाक्य. मेंढीबद्दल विचारावं तसा आवाज. पूनमला हसूही यायचं आणि रडूही. ती म्हणायची, "निघतंय की." तेवढ्यात रेंज जायची आणि फोन कट व्हायचा.

चौथ्या दिवशी चन्नम्मा सिस्टर खुर्चीशी येऊन उभी राहिली. अक्कलकोटकडची, अंगानं आडवी, मनानं मऊ. "उद्यापर्यंत वाढलं न्हाई तर डब्याचं चालू करणार म्हणून बोललेत बघ. आणि एकदा आटलं की परत येत न्हाई, तायी."

पूनमनं केराबाईला फोन लावला.

"आत्या, मला दूधच येत न्हाय."

"पिल्लू जवळ हाय का?"

"वर हाय. जाऊ देत न्हाईत मला."

"मग कसं येईल? वासाबिगर मेंढीबी पान्हा सोडत न्हाय. धनगराच्या घरात जल्मलीस आन् हे मी सांगू व्हय?"

पूनमला ठाऊक होतं. एखादीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं पोरकं असलं, तर मेलेल्याचं कातडं त्या पोरक्याच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. लहानपणी ती ते कातडं बांधताना बापाला दोरी धरून द्यायची. तेव्हा तिला मेंढी मूर्ख वाटायची.

"चार दिस कातडं ऱ्हाऊ द्यायचं," केराबाई सांगत होती. "तवर तिचं दूध त्येच्या पोटात जातंय, मग त्येलाच तिचा वास सुटतोय. तू त्येच्या अंगावरचं कायबी मागून घे. फडकं म्हन, लंगोट म्हन."

पूनमनं सिस्टरचा पिच्छा पुरवला. दुपारी चन्नम्मानं पदराआडून काढावं तसं खिशातून एक पिवळं टोपडं काढून दिलं. मुठीत मावेल एवढं. "घे. तुझ्या बाळाचं."

पूनमनं ते नाकाशी धरलं. औषधाचा वास होता, आणि त्याच्या आत एक आंबूस, उबदार वास होता. तिनं डोळे मिटले. छाती आतून ओढल्यासारखी झाली, झिणझिण्या आल्या, आणि वाटी नीट धरायच्या आतच गाऊन ओला झाला. अर्धी वाटी भरली. ती मोठ्यानं रडली. सांगायला कुणी नव्हतं म्हणून तिनं भिंतीवरच्या बाईला वाटी दाखवली.

तेव्हापासून टोपडं तिच्या गळ्याशी असायचं. ती त्याच्याशी बोलायची, त्याला धुळाच्या गोष्टी सांगायची, बाहेर ऊन किती आहे ते सांगायची. फ्रीजमध्ये तिच्या नावाच्या बाटल्यांची रांग लागली. काम नसताना ती उगाच फ्रीज उघडून बघायची.

सातव्या दिवशी दुपारी शेजारच्या खुर्चीत एक हिरव्या पातळातली बाई येऊन बसली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. तिनं वाटी घेतली आणि बघता बघता काठोकाठ भरली. मग तिची नजर पूनमच्या हातातल्या टोपड्यावर गेली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"बाळाचं हाय," पूनम कौतुकानं म्हणाली. "ह्येच्यामुळं तर दूध यायला लागलं."

त्या बाईनं बोट पुढं करून टोपड्याची कड जराशी चाचपली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." मग उठली, भरलेली वाटी मोरीत पालथी केली आणि निघून गेली. पूनमच्या अंगाचा तिळपापड झाला. इथं आम्ही थेंबाथेंबाला महाग, आणि ही बया भरली वाटी ओतून चालली. माज तरी किती असावा एखादीला? दिवसभर ती मनात त्या बाईला शिव्या घालत होती.

अकराव्या दिवशी तिला वर सोडलं. चन्नम्मानं पोराला पेटीतून उचललं आणि नळ्या सांभाळत तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. ओंजळीएवढं ऊन ऊन अंग. पूनमनं मान वाकवून त्याचं डोकं हुंगलं, कानामागं हुंगलं, परत डोकं हुंगलं.

"सिस्टर, ह्येचा वास निराळा हाय."

चन्नम्मा नळी सारखी करत राहिली. सारखी करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"सिस्टर, त्ये टोपडं ह्येचं न्हवं."

"न्हाई," चन्नम्मा हळूच म्हणाली. "ह्याला काविळीच्या लाइटखाली उघडाच ठेवला होता. ह्याचं म्हणून देण्यासारखं काहीच नव्हतं तायी. तू हट्ट धरून बसलीस. शेजारच्या पेटीतल्याचं बदललेलं होतं, ते दिलं. तेव्हा ते बाळ बरं होतं."

"आन् आता?"

"तीन दिवसांनी गेलं. आईला छाती दुखाय लागली म्हणून जाताना दूध काढायला खाली पाठवलं होतं. तुझ्या खोलीतच."

पूनमला हिरवं पातळ आठवलं. टोपड्याच्या कडेवर फिरलेलं बोट आठवलं. आपण तिला काय सांगितलं तेही शब्दन् शब्द आठवलं, आणि त्या क्षणी तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ती बाई एका शब्दानं म्हणाली नाही की हे माझ्या लेकराचं आहे. मागितलं असतं तर तिला तेवढं तरी घरी नेता आलं असतं.

"कुठली होती?"

"ते सांगता येत न्हाई," चन्नम्मा म्हणाली. "टोपडं दे, टाकून देते."

"न्हाय."

पोरगं छातीवर हललं. दूध आपसूक आलं, टोपडं नाकाशी नसताना. ते त्याच्या गालाखालून वाहू लागलं तशी पूनम हुंदके द्यायला लागली.

महिन्यानं सुट्टी मिळाली. केराबाई पहाटेच्या एसटीनं न्यायला आली, नातवाला मांडीवर घेऊन तिनं आधी त्याला हुंगलं आणि समाधानानं मान डोलावली. मग पिशवी भरता भरता तिच्या हाताला ते पिवळं टोपडं लागलं. मळकं, आकसलेलं. नातवाच्या डोक्याला ते कधीच लहान झालं होतं.

"ह्ये धुतलं न्हाईस व्हय? कुणाचं हाय?"

"थोरल्याचं," पूनम म्हणाली.

केराबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. पूनमला थोरलं पोर नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण जन्मभर मेंढरांत काढलेली बाई ती. तिनं टोपड्याची घडी घातली आणि नातवाच्या कपड्यांत, सगळ्यात वर ठेवली.