सासूबाईंचा शस्त्रपरवाना

सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात दोन लष्करी रायफली आणि एक ठासणीची बंदूक होती. तिन्ही तिच्या वारलेल्या वडिलांच्या. तिच्या देशात त्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगलेल्या असत. तिथल्या कायद्याने इतकी जुनी बंदूक म्हणजे शोभेची वस्तू, आरशासारखी. सीमा ओलांडली आणि भानगड झाली. इथला कायदा बंदुकीचं वय विचारत नाही, तिचं काडतूस बाजारात मिळतं का ते विचारतो. ठासणीच्या बंदुकीला काडतूस लागतच नाही, म्हणून ती भिंतीवर गेली. रायफलींची काडतुसं मिळत होती, म्हणून त्या हत्यारं ठरल्या. पेशाने दातांची डॉक्टर असलेल्या सुनेला संग्राहकाचा परवाना काढावा लागला.

मग जमिनीत बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं. परवाना अधिकाऱ्याने ते हलवून बघितलं. हललं नाही. निघताना तो म्हणाला, "किल्ली फक्त परवानाधारकाकडे. ती कुठे ठेवता हेही घरात कुणाला कळता कामा नये."

हे सासूबाईंनी ऐकलं.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाचं कोठार सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. भले भले सर्जन त्यांच्यापुढे उभे राहून हातमोजे मागत. आणि आता त्यांच्याच खोलीसमोर त्यांना न उघडता येणारं कपाट. चार दिवस त्या न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. पाचव्या दिवशी जेवताना विषय निघाला.

"त्यात काय आहे गं?"

"रायफली, आई."

"ते मला माहीत आहे. मी बघायच्या म्हटल्या तर?"

"बघा की. मी शेजारी उभी असले की चालतं."

"म्हणजे माझ्याच घरात मी तुझ्या देखरेखीखाली."

मुलगा शाळेत भूगोल शिकवत असे. त्याने ताटात डोकं घातलं ते वर काढलं नाही.

पुढच्या सोमवारी सासूबाई परवाना कार्यालयात जाऊन बसल्या.

"बंदूक कशासाठी हवी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बंदूक नकोय. किल्ली हवीय."

"किल्लीचा वेगळा परवाना नसतो, बाई."

"मग ज्याच्याबरोबर ती येते तो द्या."

"शिकार, नेमबाजी की संग्रह?"

सासूबाईंनी विचार केला. "संग्रह. सुनेचा."

अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक उघडलं. कायद्यात याला मनाई नव्हती. एकाच घरातले दोन परवानाधारक एक कपाट वापरू शकत होते. फक्त परीक्षा द्यावी लागणार होती.

अभ्यासासाठी मात्र देखरेख चालेल, असं सासूबाईंनी स्वतःच ठरवलं. सून दवाखान्यातून आली की रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर यायची. नळी, चाप, दस्ता, एकेक भाग हातात घेऊन शिकणं चालायचं. नळी साफ करताना सून रुग्णाशी बोलल्यासारखी हळू बोले. एकदा दस्ता पुसताना सासूबाईंचं बोट अडखळलं. कुणीतरी चाकूने तिथे चार अक्षरं कोरली होती.

"कुणाचं नाव आहे?"

"माहीत नाही. बाबांनी खूप शोधलं. शेवटच्या आजारपणातसुद्धा चौकशीची पत्रं पाठवत होते."

"म्हणून आणल्यास होय एवढ्या लांब?"

सून होकारार्थी मान हलवत राहिली. मग तिला रडू आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाईंनी हातातलं फडकं पुढे केलं, त्याला तेल लागलंय हे लक्षात येऊन मागे घेतलं आणि पदर दिला.

परीक्षेत त्या पास झाल्या. सुनेने दुसरी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "कुठे ठेवणार?" तिने सहज विचारलं. सासूबाईंनी सांगितलं नाही.

आता रविवारी दोघी मिळून रायफलींना तेल देतात. घरात बिनपरवान्याचा राहिला तो मुलगा. परवा तो दाराशी येऊन म्हणाला, "मी आत येऊ का?"

"ये," आई म्हणाली. "पण कशाला हात लावायचा नाही."

तो दारातूनच मागे फिरला आणि वह्या तपासायला गेला.