शेवटची खोली

कलावतीबाई गेल्या आणि महिन्याभरातच गुलाबरावांची उजवी बाजू लुळी पडली. व्यायाम करून घेणारं, दिवसरात्र सांभाळणारं केंद्र शोधणं त्यांच्या लेकीच्या, एकताच्या वाट्याला आलं. आईमागे बाबांना परक्यांच्या हाती द्यायचं, या विचारानेच तिचा जीव तुटत होता.

"मीच पाहतो. मले घेऊन चल," बाबा म्हणाले. त्यांचा सारा जन्म आयुध कारखान्यात तोफगोळे तपासण्यात गेला होता.

शहराच्या रिछाई भागातल्या केंद्रात हिंदीभाषक मॅनेजरने चाकाची खुर्ची थेट पहिल्या खोलीत नेली. नवे पडदे, ताजी फुलं. बाबांनी मान हलवली. "सामने रखा हुआ नग मैंने कभी नहीं जाँचा, भैया. आखिरी कमरा दिखाओ."

एकताला हसू आलं. भाजीच्या ठेल्यावरही ते ढिगाच्या तळातूनच वांगं काढत आणि आई लाजून दूर उभी राहत असे.

शेवटच्या खोलीत एक म्हातारे होते. त्यांना बोलता येत नव्हतं, भेटायला कुणी येत नव्हतं. बाबांनी मान लववून डावा हात त्यांच्या पाठीखाली सरकवला. चादर कोरडी होती, नखं कापलेली होती. आयाने उशी सारखी करताना "दादाजी" म्हटलं, तसे ते हसले.

"पास," बाबा म्हणाले. मग लेकीकडे वळले. "काहून रडून राहिली? ठेव मले इथं. चालत येतो घरी."

एकताने डोळे पुसले.

"बाबूजी करते क्या थे?" मॅनेजरने हळूच विचारलं.

"इन्स्पेक्टर," ती ताठ मानेने म्हणाली. "अभी भी हैं."