स्वयंपाकघराचं लिनोलियम

थोरलीचे पाय दुकानातच भरून आले होते. धाकट्या भावानं आईबाबांचं घर पुन्हा पूर्वीसारखं करायचं डोक्यात घेतलं, तेव्हापासून तिची प्रत्येक सुट्टी अशीच जात होती. कधी दाराच्या कड्या, कधी नळ, आता स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम. दुकानदारानं नमुने पसरले तसा जवसाच्या तेलाचा वास सुटला.

"त्या काळी हेच असायचं, ताई," भाऊ म्हणाला. "आपलं हिरवं होतं ना?"

"आठवत नाही रे. कुठलंही घे आणि सोडव मला."

पण तो कसला ऐकतोय! तिला घेऊन तडक आईबाबांच्या घरी आला. सुतारानं सकाळीच स्वयंपाकघरातलं जड कपाट हलवलं होतं. भावानं त्या कोपऱ्यातलं, नंतर कधीतरी वरून घातलेलं प्लास्टिक सोलून काढलं, आणि खालून जुनं लिनोलियम निघालं. तपकिरी, त्यावर पिवळे चौकोन.

"सापडलं!" तो लहान पोरासारखा ओरडला. "या चौकोनांवरून मी गाडी चालवायचो! दुकानात अगदी असंच आहे."

थोरली भिंतीला टेकून खाली बसली.

"ते नको."

"अगं, पण हेच तर..."

"तू गाडी चालवायचास, ते चौकोन मी पुसायचे. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून, रोज शाळेआधी. पिवळ्यावर डाग लगेच दिसायचा, आणि बाबा घरात आले की आधी खालीच बघायचे." तिचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "घर हौसेनं कर. पण त्या फरशीवर मला पुन्हा उभी करू नकोस."

'मला ठाऊकच नव्हतं' म्हणायला भावानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ठाऊक होतं. ती पुसायला आली की तो स्टुलावर पाय वर घेऊन बसायचा.

सोललेलं प्लास्टिक चौकोनांवर परत पसरत तो म्हणाला, "त्याच काळातलं करडं एक आहे. ठिपक्यांचं."

"मळखाऊ आहे?"

"चांगलंच."

"मग ते घे."

करडं लिनोलियम बसलं त्याच दिवशी भावाच्या हातून त्यावर चहा सांडला. थोरली सवयीनं उठू लागली.

"बस तू," तो म्हणाला आणि फडकं शोधायला लागला. एकेक खण उघडून बघत होता. कुठल्या खणात आहे ते तिला माहीत होतं, पण तिनं सांगितलं नाही. खुर्चीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.