कोठ्यासमोरचा दिवा

धनजच्या ग्रामसभेत बेबीताई सहा महिने भांडली, तेव्हा कुठं तिच्या म्हशीच्या कोठ्यासमोर दिव्याचा खांब लागला. दिवा तरी कसा? पडलेली सुई वेचून घ्यावी! नवरा देवमन म्हणायचा, "सारं गाव रस्त्यानं ठेचकाळून राह्यलं, अन् आमची म्हैस लग्नाच्या मांडवात उभी!" बेबीताईनं त्याचं बोलणं कधी मनावर घेतलं नाही.

तिचं दुःख तिलाच ठाऊक. गेल्या साली म्हैस रात्री व्याली आणि हिला जाग आली नाही. पारडाच्या तोंडावरचा जन्मवेळचा पडदा कोणी काढला नाही, ते गुदमरून गेलं. तेव्हापासून बेबीताईची झोप उडाली ती उडालीच. आता म्हैस पुन्हा गाभण, दिवस भरत आलेले. खिडकीतून घडीघडी पाहायचं, तर उजेड नको?

पण म्हशीचंच बिनसलं. रात्रभर उभी, बसायचं नाव नाही. रवंथ थांबलं, सरकीच्या ढेपेला तोंड लावेना.  बेबीताईनं कारंज्याहून ढोरांची डॉक्टर मंजुषा हिला बोलावलं.

मंजुषानं म्हैस तपासली, पोटावर हात ठेवून पारडू हलल्याची खात्री केली. मग खांबाकडं पाहिलं. "मावशी, हा दिवा कवापर्यंत चालू राह्यते?"

"रातभर! म्याच लावाले लावला."

"मंग हिची रात कवा होते?"

बेबीताई वर दिव्याकडं पाहू लागली.

"अंधार पडला का जनावराच्या अंगात एक रस वाढते. मेलाटोनिन म्हन्तेत त्याले. त्याच्यावरून अंगाले समजते, का रात झाली. पोटातल्या पिल्लालेबी ते मायच्या रक्तातूनच समजते, त्याले कुठचं आभाळ दिसते? तुमी हिचा दिवस मावळूच देऊन नाही राह्यल्या, मावशी."

"अन् अंधारात जनली त?"

"टार्च घेऊन एखादी चक्कर मारा. पन हा दिवा नको."

ऐकून बेबीताईला रडूच आलं. जिच्यासाठी एवढं केलं, तिलाच जाच झाला की! आणि आता सरपंचाकडं जायचं तरी कोणत्या तोंडानं?

पण गेली. सारी पंचायत हसली. "हसा," ती म्हणाली, "पोटभर हसा. माह्या म्हशीले झोप पायजे." त्याच दिवशी दिव्याचं तोंड रस्त्याकडं फिरलं.

त्या संध्याकाळी कोठ्यात अंधार झाला. म्हैस जराशी घुटमळली आणि बसली. चार दिवसांत ढेप खाऊ लागली, रवंथ करू लागली. बेबीताई उशाशी टॉर्च घेऊन पडायची, रात्री दोन चकरा मारायची.

नवव्या दिवशी तिचे डोळे उघडले, तर ऊन अंगणात आलेलं. टॉर्च उशाशी तसाच.

"मेली मी वं माय!" म्हणत ती कोठ्याकडं धावली.

म्हैस नुकत्याच झालेल्या वगारीला चाटत होती. ओली, काळीभोर वगार पाय फाकवून उभी राहत होती, पडत होती, पुन्हा सडांकडं निघत होती. बेबीताई तिथंच शेणात बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

देवमन बादली घेऊन आला. "काहून रडून राह्यली वं? जित्ती हाय ना!"

"गेल्या सालीबी मी झोपलीच होती हो."

"हाव. झोपलीच होती." त्यानं बादली खाली ठेवली. "दिवसभर सोयाबीन सोंगून आली होती, झोप लागली. गुन्हा नवता केला तुनं."

बेबीताईनं पदरानं तोंड पुसलं. हे तो वर्षभर सांगत होता. आज तिला ते पटलं.