शीतलनाथाची भिंत

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात नाचणगावात देवळापेक्षा शीतलनाथ नावाच्या बाबाच्या खोलीत गर्दी जास्त. बाहेर ऊन माणसाला भाजून काढायचं अन् आत पाऊल टाकलं की गारवा. सारी करामत म्हणे भिंतीची. तापकऱ्याला तिला पाठ टेकवून बसवायचं, भिंत ताप ओढून घ्यायची. शीतलनाथ डोळे मिटून सांगायचा, "हिमालयाचं भस्म आहे हे. दवाखान्याची सुई टोचली, की भिंत रुसते." लबाड मोठा! दवाखान्याची वाट त्यानं आधीच बुजवून ठेवली होती.

ते भस्म भिंतीला लागलं होतं रुख्माबाईच्या हातानं. घरं पोतारावीत, भिंती मातीनं सारवाव्यात, तर तिनंच, असं गाव मानायचं. फाल्गुनात तीन पोती पांढरी भुकटी तिनं मातीत कालवली, भिंतीवर बोटभर थर दिला आणि देवाचं काम म्हणून मजुरी घेतली नाही. म्हणूनच नात कोकिळा तापानं फणफणली तेव्हा मुलाला, नत्थूला, तीच म्हणाली, "दवाखाना काऊन? आपली भिंत हाय ना."

पोरीला भिंतीशी निजवून तीन दिवस झाले. पोर पोटात पाणीही ठेवीना, आजीला ओळखीना. तिसऱ्या संध्याकाळी रुख्माबाईनं भिंतीवर तळवा ठेवला तर भिंत कोमट.

"पाहा, भिंतीनं ताप ओढला," शीतलनाथ म्हणाला. लोकांनी हात जोडले. रुख्माबाईनंही जोडले, पण लगेच पोरीच्या कपाळाला हात लावला. ताप ओढला म्हणता, मग पोर अजून का भाजतेय?

ती पेज करायला घरी आली. पोतारून उरलेली माती फेकायची नाही, चुलीला लावायची, ही तिची रीत. जपून ठेवलेला तो गोळा तिनं त्याच सकाळी चुलीच्या भेगेत थापला होता. जाळ लागताच चूल पाझरू लागली, थेंब पेटले आणि मेणबत्तीचा वास सुटला.

रुख्माबाई बघतच राहिली. भस्म म्हणजे जळून झालेली राख. ती पुन्हा कशी जळेल?

उरलेला तुकडा घेऊन ती अच्युत मास्तरांकडे गेली. शाळेत ते विज्ञान शिकवत. त्यांनी तो भिंगाखाली धरला. मातीत खसखशीहून बारीक दाणे होते. नखानं चिरडले तर तेलकट ओल आली.

"मेण आहे, बाई. प्रत्येक दाण्याला टरफल घातलंय. घरं गार ठेवायला परदेशात असे प्रयोग चालतात. बर्फ वितळेपर्यंत पाणी गारच राहतं ना? तसं हे मेण वितळताना उष्णता पितं, रात्री गोठताना परत करतं. चैत्रात रात्री गार होत्या. आता रात्रीही तापतात, मेण गोठतच नाही. भिंतीत ताप नाही, दिवसभराचं ऊन आहे."

"मंग पोरीचा ताप?"

"पोरीतच आहे."

दोघं शीतलनाथाच्या खोलीकडे धावले. नत्थू आडवा आला. "माय, उचलू नको. भिंत रुसन."

रुख्माबाई भिंतीकडे गेली. खुरप्यानं भिंतीचा टवका काढला, चिमट्यात धरून दिव्यावर तापवला. थेंब माठातल्या पाण्यात पडले आणि पांढरे होऊन तरंगले.

"हे भस्म हाय काय, नत्थू? भस्म पाघळते काय? हे म्याच लावलं. म्याच पोरीले इथं निजवलं. आता तरी उचल."

शीतलनाथ हिमालयाचं काहीतरी बोलत होता. नत्थूनं पोरीला उचललं.

पुलगावच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. "दोन दिवस आधी आणायची होती." कोकिळा वाचली, पण तिचा डावा कान कायमचा गेला. शीतलनाथ पहाटेच पसार झाला. मागे राहिलेल्या पोत्यावर कुठल्याशा प्रयोगशाळेचा शिक्का होता. औषधाइतकं कामाचं ज्ञान, या चोरानं त्याचं विष केलं!

रुख्माबाई आजही घरं पोतारते. कुठं चमत्काराची गोष्ट निघाली की हातातलं काम थांबवते. "पहिले हात लावून पाहा, वास घेऊन पाहा, शिकल्या माणसाले विचारा. हात जोडाले घाई नाई. म्या घाई केली." एवढं बोलून ती कोकिळेला हाक मारते आणि आठवण होताच उठून तिच्या उजव्या बाजूला जाते.