हेमराजची रिमोटची गाडी

हेमराजनं नागपुरातून गाडीला रिमोट बसवून आणला आणि त्या दिवसापासून त्याच्या बायकोच्या, रक्षाच्या डोक्याला ताप सुरू झाला. साल होतं दोन हजार चार. आत माणूस नसताना गाडी सुरू होते हे समुद्रपुरात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. हेमराज आपल्या कापड दुकानाच्या पायरीवर उभा राहून खिशातलं बटण दाबायचा आणि रस्त्यापलीकडे गाडी आपोआप घुरघुरू लागायची. शेजारचे किराणावाले ताराचंदसेठ रोज पाहायचे आणि रोज "वा रे वा!" म्हणायचे. त्या एका 'वा'साठी हा गडी किती पेट्रोल फुकट जाळत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गाडीची खरी गरज होती रक्षाला. तिची आई शोभाबाई जाम गावात एकटी राहायची. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा हात लुळा पडला होता आणि दर मंगळवारी व्यायामासाठी तिला सावंगीला दवाखान्यात न्यावं लागे. खंड पडला नाही तर हात परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला एसटीत चढता येत नव्हतं, जावयाला गल्ला सोडवत नव्हता. म्हणून रक्षा हिंगणघाटला जाऊन रीतसर गाडी शिकली. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण, हे मास्तरांनी तिच्या हाडीमाशी मुरवलं होतं.

पण रिमोट बसला आणि गाडी रस्त्यात बंद पडू लागली. तीही फक्त रक्षाच्या हातात. एकदा पेट्रोल पंपाशी, एकदा दवाखान्याच्या फाटकात. हेमराज आपल्या फेऱ्या मारायचा, तेव्हा मात्र ती गरीब गाईसारखी चालायची.

"माह्या हातात तं बराबर चालते," तो म्हणायचा.

मग एका मंगळवारी जामच्या चौकात, आई शेजारी बसलेली असताना, ऐन हायवेवर वळता वळता गाडी बंद पडली. दोन्हीकडून ट्रकांचे हॉर्न. आई डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली. रक्षानं किल्ली फिरवून फिरवून बोटं दुखवून घेतली. शेवटी धाब्यावरच्या चार माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली. रक्षानं वैतागून सगळे खटके बंद केले, एसटीडी बूथवरून हेमराजला फोन लावला आणि आईपाशी येऊन उभी राहिली.

हेमराज ताराचंदसेठच्या स्कूटरवर मागं बसून आला. गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि ती मेली एका झटक्यात सुरू झाली!

"पाह्यलं? माह्या हातात तं बराबर चालते. तुले क्लचच सोडता येत नाई." हे सगळं धाब्यावरच्या माणसांसमोर. ताराचंदसेठ हसले. "आता चाबी माह्यापाशी राहीन. आईले एसटीनं ने, नाई तं राहू दे घरी."

पुढचा मंगळवार बुडाला. आईची नुकतीच मिटायला लागलेली बोटं पुन्हा ताठरली. रक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बोलणार काय? गाडी त्याच्या हातात चालत होती, हे तर तिनंही डोळ्यांनी पाहिलं होतं.

रविवारी दोघं एका लग्नाला निघाले. ती तोंड फुगवून शेजारी बसली होती आणि नवऱ्याचा नेमका कुठला गुण गाडीला आवडतो, ते न्याहाळत होती. उजवं वळण आलं. हेमराजनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळला. पुढं डावं वळण आलं, तिथं त्यानं तेवढंही केलं नाही. रक्षा ताडकन सरळ बसली. पंप, फाटक, चौक. तिची गाडी प्रत्येक वेळी वळतानाच बंद पडली होती.

"अहो, एकदा इंडिकेटर द्या ना."

"कायले? हात हाय ना."

"द्या तं खरं."

"तू मले गाडी शिकवून राह्यली का?" म्हणत त्यानं चिडून खटका ओढला. टिक झालं आणि इंजिन गप्प. मागचा कापसाचा ट्रॅक्टर बोंबलायला लागला.

हेमराजनं दोनदा किल्ली फिरवून पाहिली. मग म्हणाला, "पेट्रोलात कचरा असन."

रक्षानं हात लांबवून खटका बंद केला. "आता चालू करा." गाडी सुरू झाली. "आता परत इंडिकेटर द्या." ते काही त्यानं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मुकेश इलेक्ट्रिशियननं स्टेअरिंगखालचं झाकण उघडलं. आत तारांचा नुसता गुंता. "भाऊ, रिमोटच्या डब्यात इंजिन बंद करायची एक तार असते. नागपूरवाल्यानं ते इंडिकेटरले भिडवली. बाकीच्या कुठं गेल्या, मले समजून नाई राह्यलं. एक तं रिमोट काढा, नाई तं इंडिकेटर."

"मंग इंडिकेटर तोड," हेमराज क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "मी कधी वापरला?"

रक्षाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मुकेशनं पक्कड उचलली होती.

मंगळवारी हेमराजनं मोठ्या मनानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. "घे. आता बंद नाई पडत. वळताना हात दाखवजो."

"अन् डावीकडे वळताना? तिकडं आईचा हात हाय, अन् तो उचलत नाई."

त्यानं ऐकलंच नाही. त्याच्यापुढं गिऱ्हाईक होतं.

रक्षानं गाडी आधी मुकेशच्या दुकानापुढं उभी केली. "मुकेशभाऊ, रिमोट काढा. इंडिकेटर जोडा."

"वहिनी, हेमराजभाऊ मले बोलतीन."

"बोलू द्या. मी रोजच ऐकून राह्यली."

त्या दिवशी जामच्या चौकात तिनं इंडिकेटर दिला, सावंगीच्या फाटकात दिला, गरज नव्हती तिथंही दिला. गाडी कुठं अडखळली नाही. येताना आईनं अंगठा हलवून दाखवला आणि रक्षाला इतका आनंद झाला की, नवऱ्यावरचा राग घटकाभर विसरायला झाला.

घटकाभरच. संध्याकाळी तिनं दुकानासमोर गाडी लावली, तेव्हा हेमराज पायरीवर ताराचंदसेठ आणि एका पाहुण्याला घेऊन सज्ज होता. त्यानं बटण दाबलं. काही नाही. हात लांबवून दाबलं, पायरी उतरून दाबलं, शेवटी गाडीच्या नाकाशी येऊन दाबलं. ताराचंदसेठ हसू लागले.

"काय झालं हिले?" हेमराज खेकसला.

रक्षानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तिनं इंडिकेटर ओढला. टिक टिक टिक टिक.

"काय माहीत," ती म्हणाली. "माह्या हातात तं बराबर चालते."