छत्रीच्या मागे, डब्याच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. पिशव्यांनी सामान वाहायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मीही पुष्कळ वाहिलं. पण माझं खरं काम विचाराल, तर ते आहे रांगेत उभं राहणं. हसू नका, सांगते.

माझा जन्म आजोबांच्या पँटमधून झाला. आजोबा विजेच्या तारा जोडायला खांबांवर चढत. चढून चढून पँट गुडघ्यांवर विरली.

"गुडघे गेले, बाकी सगळं ठणठणीत आहे," आजी कापड उजेडात धरून म्हणाली.

"माझ्याबद्दल बोलतेस की पँटबद्दल?" आजोबांनी विचारलं.

आजीने मला मशीनवर शिवलं, बंद दुहेरी घेतले आणि पँटचा मागचा खिसा तसाच माझ्या पोटावर ठेवला. त्या खिशामुळे मला एक खोड लागली. कशाच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

भाजी, ओले टॉवेल, नातीचे चिखलाचे बूट, सगळं मी वाहिलं. भाजीवाला म्हणे, "आजी, पिशवी दिसते एवढीशी, पण कशाला नाही म्हणत नाही!" मी फुगून जाई. मग घरात चेनवाल्या रंगीत पिशव्या आल्या आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. दोन वर्षं मी एकच कडी बघत होते.

एके सकाळी आजोबा दाढी करता करता कोसळले. त्यांना फिट आली होती. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं, "एकही दिवस गोळी चुकवायची नाही." सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना फुकट मिळत. आजीने मला खिळ्यावरून काढलं, खिशात केसपेपर सरकवला आणि माझी दर महिन्याची नोकरी सुरू झाली.

औषधांची खिडकी दहाला उघडे, पण रांग आठपासून लागे. तेवढा वेळ आजीचे पाय तिचं ऐकत नसत. तिच्या वयाच्या कुणाचेच ऐकत नसत. म्हणून ही मंडळी आपापली वस्तू रांगेत ठेवत आणि स्वतः समोरच्या कट्ट्यावर बसत. मी कोलमडू नये म्हणून आजी माझ्या पोटात पाण्याची भरलेली बाटली ठेवी. माझ्या पुढे भिंतीला टेकलेली एक काळी छत्री, मागे स्टीलचा डबा, त्याच्या मागे एक चप्पल. कट्ट्यावर कुणाला कुणाचं नाव माहीत नव्हतं. "अहो छत्री, सरका जरा, डब्याला बसू द्या," असं चाले.

मला मात्र एकच प्रश्न छळायचा. खिडकीच्या आत काय असेल? काचेला फक्त हात जाईल एवढं भोक होतं. आतून एक हात येई, शिक्का मारी, पाकिटं देई. त्या हाताला माणूस जोडलेला असेल का? मला आपलं वाटे, आत औषधांचा डोंगर असणार आणि डोंगराला एक हात.

मग ती वेळ आली. सोमवारी आजी गेली, तर फिटच्या गोळ्या संपलेल्या. गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. आजोबांनी सकाळी घेतली ती घरातली शेवटची गोळी होती. नेमका त्याच दिवशी नवा वॉचमन आला होता.

"हे काय भंगार मांडलंय?" म्हणत त्याने आम्हाला उचललं आणि कोपऱ्यात ढीग केला. मी डब्याखाली उलटी पडले. कट्ट्यावरची मंडळी धावली. म्हणजे, त्यांच्या मानाने धावलीच.

"अहो, ही माणसं आहेत!" आजी ओरडली.

"मला तर सामान दिसतंय."

"मग त्या सामानालाच विचारा, किती वाजल्यापासून उभं आहे!"

वॉचमन ओशाळला. "चुकलं, आजी. पण आता लावू कसं? कोण कुणाच्या मागे?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "फिटच्या गोळ्या तीसच उरल्यात. एकाच माणसाच्या. पुढच्या सोमवारी येतील."

"सोमवार म्हणजे कुठला सोमवार, तेही सांगा!" चप्पलवाल्या आजी पुटपुटल्या.

त्या गोळ्या दोघांनाच लागत. आमच्या आजोबांना आणि छत्रीवाल्या बाबांना. बाबा तर कट्ट्यावर डुलकी घेत होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी खोटं बोलले असते, "मीच पुढे होते!" आजीही बोलू शकली असती. डबेवाल्यांना फक्त माझी पाठ ठाऊक होती, माझ्या पुढे कोण होतं ते नाही. आजीने माझे बंद घट्ट धरले. तिच्या तळहाताचा घाम मला लागला.

"मी छत्रीच्या मागे, डब्याच्या पुढे," ती म्हणाली. मग स्वतःच जाऊन तिने बाबांना हलवलं. "अहो छत्री, उठा. तुमचा नंबर आला."

बाबांनी खिडकीशी सगळं ऐकून घेतलं. वळून आजीकडे पाहिलं.

"पंधरा मला द्या. पंधरा पिशवीला."

"बाबा, तुमच्या कागदावर महिन्याच्या लिहिल्यात," खिडकीतला आवाज म्हणाला.

"कागद कुठे गोळी खातो? द्या हो!"

आजीच्या बोटांत पाकीट काही येईना, दोनदा ते आतल्या बाजूलाच पडलं. "पिशवीच द्या आत," आवाज म्हणाला. आजीने पाण्याची बाटली काढली आणि मी घडी होऊन भोकातून आत गेले!

हाताला माणूस होता. केसात पेन खोचलेली एक मुलगी, बसायला खुर्ची नसलेली. डोंगर मात्र नव्हता. फळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि चिठ्ठ्यांमागे बरीच रिकामी जागा. भिंतीवर तिने एक यादी चिकटवली होती. 'पिशवीच्या आजी, फिट, सोमवारी रिकाम्या परत.' मी आत डोकावायला धडपडत होते, तेव्हा ती बाहेर आम्हालाच बघत होती तर!

घरी आजोबांनी सवयीने आपल्या जुन्या खिशात हात घातला. "पंधराच?"

"बाकीच्या छत्रीकडे आहेत," आजी म्हणाली.

त्या सोमवारी गोळ्या खरंच आल्या. वॉचमनने कुठूनसा एक लांब बाक आणून खिडकीपासून लावला. आता माणसंच रांगेत बसतात आणि सरकत सरकत पुढे जातात. माझी उभं राहायची नोकरी गेली, असं मला वाटलं. पण आजी येते आणि मला मांडीवर न घेता आपल्या पुढच्या जागेवर ठेवते.

म्हणून मित्रांनो, कुठे बाकावर एखादी जुनी पिशवी दिसली, तर तिला उचलून बसू नका. आधी विचारा, ही जागा कुणाची? छत्रीवाले बाबा येतच असतील. त्यांना फक्त जरा वेळ लागतो.